जेट स्कीला कंपनीचाच स्टार्टर घ्यावा की बाहेरचा चालतो?

तुम्ही लिहिलंय की बटण दाबलं की नुसतं ‘टक’ होतं, मेकॅनिक म्हणतो स्टार्टर (इंजिनला सुरुवातीला फिरवणारी मोटर) गेला, आणि कंपनीच्या एका स्टार्टरच्या पैशात बाहेरचे तीन येतात, तर कुठला घेऊ?

अजून कुठलाच घेऊ नका. मला हे वेळेवर कोणी सांगितलं असतं, तर मशीनसोबत आलेला स्टार्टर आज माझ्याकडे असता.

माझं मशीन तीन सीटचं, फोर-स्ट्रोक, कायम खाऱ्या पाण्यात. एका सकाळी तुमच्यासारखंच ‘टक’ झालं. बॅटरी नवी, पूर्ण चार्ज, 12.6 व्होल्ट. मेकॅनिकने रिलेच्या (बटण दाबल्यावर स्टार्टरला करंट सोडणाऱ्या स्विचच्या) दोन बोल्टांना पाना टेकवला, मोटर जेमतेम फिरली आणि त्याने निकाल देऊन टाकला. (पाना टेकवण्याचा हा प्रकार तुम्ही करू नका. ठिणगी उडते, आणि आत पेट्रोलची वाफ असू शकते.) माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, तेव्हा म्हणाला, “दाजी, पाण्यातली वस्तू आहे, कंपनीचाच घ्या.” मी बाहेरचा घेतला. बसवण्यात अख्खा दिवस गेला, कारण माझ्या मशीनमध्ये स्टार्टर इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनला हवा पोचवणाऱ्या नळ्यांच्या) खाली दडलेला आहे, आणि त्याचा खालचा बोल्ट दिसतच नाही, बोटांनी चाचपून काढावा लागतो. संध्याकाळी बटण दाबलं तर इंजिन एका झटक्यात सुरू. जुना स्टार्टर मेकॅनिक भंगार म्हणून घेऊन गेला. मी नेऊ दिला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

एक हंगाम बरा गेला. मग मोटर हळू फिरायला लागली, आणि एक दिवस पुन्हा तेच. उघडून पाहिलं तर मागच्या झाकणाची ओ-रिंग (पाणी अडवणारं रबरी कडं) खाचेत सैल, आत गंजाचं तांबूस पाणी, मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे दोन कार्बन होल्डरमध्येच अडकून बसलेले. मेहुण्याने तो उघडलेला स्टार्टर सगळ्या घराला दाखवला. “दाजी, सांगत होतो ना!” मला बोलायला जागाच नव्हती. कंपनीचा मागवला, बसवला, एका झटक्यात सुरू.

दीड महिन्याने पुन्हा ‘टक’.

नवाकोरा कंपनीचा स्टार्टर, चांगली बॅटरी, आणि तरीही ‘टक’. तेव्हा कुठे मी मल्टिमीटर हातात घेतला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं स्टार्टरच्या अंगावर, आणि मुलीला बटण दाबायला सांगितलं. रीडिंग 0.2 व्होल्टच्या आसपास यायला हवं होतं. आलं 2.1. बॅटरीतून निघालेले दोन व्होल्ट मोटरपर्यंत पोचतच नव्हते, अर्थच्या (करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या) केबलमध्येच खर्ची पडत होते. थिंबल (केबलच्या टोकाचं धातूचं कडं) बाहेरून चकचकीत होतं. वरची स्लीव्ह कापली तर आतल्या तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या, हिरवट, बोटाने चुरल्या तरी भुगा होत होता.

गाडीचा सांगाडा लोखंडी असतो, तिथे करंटला परतीच्या चार वाटा असतात. इथे हल (मशीनचं बाहेरचं अंग) फायबरची, इंजिन रबरी माउंटवर. परतीची वाट ती एक केबल. शिवाय माझ्या मशीनमध्ये तिचं थिंबल स्टार्टरच्याच बोल्टखाली आवळलेलं आहे. म्हणजे स्टार्टर बदलताना दर वेळी ती केबल हलायची, थिंबल नव्याने आवळलं जायचं, आणि काही दिवस संपर्क सुधारायचा. आम्हाला वाटायचं नव्या स्टार्टरने काम केलं! टिनचा मुलामा असलेल्या तारांची नवी केबल टाकली, थिंबलवर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह चढवली, आणि त्यानंतर मशीनने एकदाही दगा दिलेला नाही. पहिला स्टार्टर बहुधा ठणठणीत होता.

मेहुणा अजूनही म्हणतो की शेवटी कंपनीचाच टिकला. टिकला, पण केबल बदलल्यावर. बाहेरच्यात पाणी शिरलं हे मला मान्य आहे, ते मी माझ्या हाताने उपसलंय. पण पाणी शिरलं ते एका सैल ओ-रिंगमुळे, आणि मशीन बंद पडलं ते केबलमुळे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्याला पटत नाही. तोच बाहेरचा स्टार्टर मी साफ केला, नवे कार्बन, नवं बेअरिंग आणि योग्य मापाची ओ-रिंग टाकली. बाकावर तो उत्तम फिरतो, अडीअडचणीला जादाचा म्हणून ठेवलाय.

म्हणून आधी मोजा. अर्थचं रीडिंग वर सांगितलं तसं. मग बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून स्टार्टरच्या बोल्टपर्यंत, रिले धरून, अर्ध्या व्होल्टच्या आत. बटण दाबलेलं असताना बॅटरी साधारण 10 व्होल्टच्या खाली जायला नको. हे सगळं ठीक असेल आणि तरी मोटर फिरत नसेल, तरच स्टार्टर काढा. काढलात तरी तो कोणाला देऊ नका, आधी तोच उघडा. आर्मेचर (मोटरचा आतला फिरता भाग) जळालेलं नसेल आणि चुंबकं आवरणापासून सुटलेली नसतील, तर कार्बन, बेअरिंग, ओ-रिंग बदलून तो पुन्हा उभा राहतो. माझ्या मते हा पर्याय दोन्ही नव्यांपेक्षा सरस आहे.

नवा घ्यायचाच असेल आणि परवडत असेल तर कंपनीचा घ्या, इथे मेहुण्याशी माझं भांडण नाही. बाहेरचा घेतलात तर बसवण्याआधी पिनियनचे (स्टार्टरच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकाचे) दाते मोजा, फिरण्याची दिशा जुन्याशी ताडून पाहा, मागचं झाकण उघडून ओ-रिंग बघा, आणि इंजिनला टेकणाऱ्या पृष्ठभागावर रंग असेल तर खरवडून काढा. रंगामुळे अर्थ मिळत नाही. मापात बसतो म्हणून गाडीचा स्टार्टर मात्र कधीच लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती हलच्या तळाशी साचते आणि स्टार्टरही तिथेच असतो. ठिणगी बाहेर येऊ न देणाऱ्या मोटरींसाठी एसएई जे1171 आणि आयएसओ 8846 ही मानकं आहेत. बाहेरचा घेताना विक्रेत्याकडे त्याबद्दल विचारा. आणि कुठलंही मोजमाप करण्याआधी सीट काढून हवा खेळू द्या.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. मशीन उलटलं असेल, किंवा फ्लश करताना (नळाच्या पाण्याने इंजिन आतून धुताना) इंजिन बंद झाल्यावरही नळ चालू राहिला असेल, तर सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. तेव्हाही असंच ‘टक’ होतं, आणि सारखं बटण दाबत राहिलात तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. तसं काही झालं असेल तर बटणाला हात लावण्याआधी स्पार्क प्लग काढून बघा. रीडिंग काय येतात ते इथे लिहा, मॉडेल आणि वर्षही सांगा.