स्वप्नांवरून चित्रं काढायचीत? आधी एवढंच कर

स्वप्नं आठवत नाहीत म्हणून हिरमुसू नकोस, सुरुवातीला बहुतेकांचं तसंच होतं. लांब, ठसठशीत स्वप्नं जास्त करून पहाटेच्या झोपेत पडतात. लोकल गाठायच्या घाईत गजर वाजताच मोबाइल हातात घेतलास की संपलं! डोळे मिटून, ज्या कुशीवर जाग आली त्याच कुशीवर मिनिटभर पडून राहा.

उशाशी वही आणि ४बी (मऊ, गडद उमटणारी) पेन्सिल ठेव. आधी रेषा, मग शब्द: आकार, जागा, उजेड कुठून येत होता. नवखे उलट करतात, आधी गोष्ट लिहीत बसतात आणि हाती निबंध उरतो.

दुसरी चूक म्हणजे अख्खं स्वप्न एका कागदावर कोंबणं. समजा, स्वप्नात दादर स्टेशनचा पूल पाण्यात बुडालेला दिसला. मग फक्त जिना आणि पाण्याची रेघ घे. पायऱ्या मात्र दादरला जाऊन, प्रत्यक्ष बघून काढ. पायरी खरी वाटली तरच तिच्यावर चढलेलं पाणी अंगावर येतं.

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १५२५ मध्ये आभाळातून कोसळणाऱ्या पाण्याचं स्वप्न जलरंगात उतरवलं आणि खाली हकीकत लिहिली. बस्स. साल्वादोर दालीच्या चित्रातल्यासारखी वितळती घड्याळं नाहीत, काही नाही. (ती घड्याळं तेवढी टाळ, कृपा कर.)

अर्थ लावत बसू नकोस. ऑइल, कॅनव्हास, जहांगीर आर्ट गॅलरीतलं प्रदर्शन, हे सगळं नंतर बघू. आधी एक वही भर, मग दाखव.