लीगल नोटीस राहू दे, 22 जानेवारी बघा

कोल्हापुरातल्या फुलेवाडीच्या एका दादांनी प्रश्न पाठवलाय. अगदी असाच प्रश्न मला राजारामपुरीतनं, कळंब्यातनं, इचलकरंजीतनं बऱ्याच जणांनी विचारलाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

थोडक्यात हकीकत अशी. फेब्रुवारी 2021, पोरांची शाळा मोबाईलवर चालू होती तेव्हा वडिलांच्या नावावर केबलचं इंटरनेट घेतलं. कंपनीच्या मॉडेम बॉक्सचं डिपॉझिट 2000, भाडं महिन्याला जीएसटी धरून 118. बॉक्स तापायचा, संध्याकाळी नेट तुटायचं, म्हणून जून 2023 मध्ये दादांनी 4200 रुपयांना स्वतःचं केबल मॉडेम मागवलं. केबलवाल्याचा पोरगा आला, नवीन जोडून दिलं, जुना बॉक्स ॲडॉप्टरसकट पिशवीत घातला आणि गेला. भाडं मात्र चालूच राहिलं. ऑटोपे लावलेलं, त्यामुळं सात महिने घरात कुणी बिल उघडलंच नाही. जानेवारी 2024 ला लक्षात आल्यावर मेल केला, आणि 22 जानेवारीला कंपनीचं उत्तर आलं की आमच्या रेकॉर्डला बॉक्स तुमच्याकडंच दिसतोय, भाडं लागणारच, बॉक्स जमा केल्याशिवाय डिपॉझिट मिळणार नाही, हरवला असेल तर 3500 भरा. तेव्हापासून आजपर्यंत कस्टमर केअरचे 11 तक्रार नंबर जमलेत, केबलवाला "बघतो की" म्हणतोय. आणि आता दादा विचारतात, "साहेब, लीगल नोटीस पाठवू का? अजून एक मेल टाकून बघू का?"

दादा, भाडं घेणं चूक की बरोबर यावर मी वेळ घालवत नाही, वापरात नसलेल्या बॉक्सचं भाडं घेऊ नये हे कुणालाही कळतंय. तुमच्या सगळ्या कागदात मला एकच गोष्ट महत्त्वाची दिसते, ती म्हणजे त्या मेलची तारीख. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली पाहिजे. कंपनीनं तुम्हाला लेखी "नाही" सांगितलं 22 जानेवारी 2024 ला. म्हणजे 22 जानेवारी 2026 च्या आधी तुमची तक्रार आत गेलेली पाहिजे. आज 20 नोव्हेंबर 2025 आहे, दोन महिने राहिलेत, आणि तुम्ही अजून मेल टाकू का म्हणून विचारताय.

फोन केले, मेल केले, स्मरणपत्रं दिली, वकिलाची नोटीस गेली, यातल्या कशानंही मुदत वाढत नाही. हे मी पक्षकारांना समोर बसवून सांगतो, तरी लोक नोटीस पाठवून उत्तराची वाट बघत बसतात. कंपनीनं स्वतः लेखी कबूल केलं असेल की तुमचे पैसे देणं आहे, तर युक्तिवादाला थोडी जागा मिळते, पण तुमच्याकडं तसं काही नाही, उलट त्यांनी नकारच दिलाय. ग्राहक आयोगात तक्रार टाकायला आधी नोटीस पाठवायलाच पाहिजे अशी अटही नाही. पाठवायची तर पाठवा, 15 दिवसांची द्या, पण तिच्या उत्तरासाठी तक्रार थांबवू नका.

शाहूपुरीतलं एक म्हातारं जोडपं माझ्याकडं आलं होतं, असंच डिपॉझिटचं प्रकरण. काकूंनी सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत तारखेनुसार लावून आणलेले, एकेका पावतीला टाचणी. दोन वर्षांवर चार दिवस झाले होते. चार दिवस! विलंब माफीचा अर्ज केला, काकांच्या आजारपणाचे कागद जोडले, समोरच्या वकिलानं त्या चार दिवसांवर एवढा वाद घातला की मूळ पैशाचा विषय निघायलाच कितीतरी तारखा गेल्या, आणि तोवर काकांना जिना चढवेना झालं. विलंब माफ होतो, कलमातच तशी सोय आहे, पण कारण पटावं लागतं आणि तेवढ्यात तुमचं वर्ष जातं. तुमच्याकडं अजून मुदत आहे तर ती वापरा, डिसेंबरातच तक्रार टाका, जानेवारीची वाट बघू नका.

आता पुराव्याचं. इथं मला तुमचा राग आला हे सरळ सांगतो. 3500 रुपयांची वस्तू दुसऱ्याच्या हातात देताना कागदाच्या चिटोऱ्यावर सही घेतली नाही! गॅसची टाकी बदलताना आपण पावती मागतो आणि इथं पोरगा ओळखीचा म्हणून सोडून दिलं. असो, झालं ते झालं.

पण तुमच्या प्रश्नात शेवटी सहज एक ओळ आलीय, ती माझ्या दृष्टीनं लाखमोलाची. कंपनीच्या ॲपमध्ये तुमच्या कनेक्शनखाली जो मॅक ॲड्रेस, म्हणजे उपकरणाचा ओळख नंबर, दिसतो तो तुमच्या स्वतःच्या मॉडेमचा आहे. केबल मॉडेमचं असं असतं की नुसती वायर खोचून नेट चालू होत नाही, मॉडेमच्या बुडाला स्टिकरवर जो मॅक छापलेला असतो तो कंपनीच्या सिस्टीममध्ये चढवावा लागतो, मगच लाईन मिळते. म्हणजे जून 2023 मध्ये कंपनीच्याच सिस्टीमवर त्यांचा बॉक्स उतरवून तुमचा चढवलाय, आणि त्याची नोंद तारीखवेळेसकट त्यांच्याकडं असायला पाहिजे. तेव्हा आजच मॉडेम उलटं करून स्टिकरचा फोटो काढा, ॲपच्या त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, मॉडेम घेतल्याचं बिल काढा. स्क्रीनशॉट जोडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लावून टाका, आयोग पुराव्याच्या बाबतीत कोर्टाएवढा कडक नसला तरी समोरच्याला तोंड उघडायला जागा कशाला ठेवायची. आणि तक्रारीबरोबरच अर्ज द्या की कंपनीनं त्या महिन्याची नोंद हजर करावी, कागद मागवायचे अधिकार आयोगाला आहेत.

एक मात्र समजून घ्या. यातनं त्यांचा बॉक्स वापरात नव्हता हे सिद्ध होतं, तो परत गेला हे होत नाही. भाड्यासाठी पहिलं पुरतं, डिपॉझिट आणि त्या 3500 साठी दुसरं लागतं. म्हणून केबलवाल्यालाही सामनेवाला करा, म्हणजे तक्रार त्याच्याविरुद्धही टाका, एकट्या कंपनीला नको. तो कंपनीचा माणूस म्हणून घरी येतो, जोडणी करतो, पैसे गोळा करतो, मग त्याच्या हातात दिलं म्हणजे कंपनीलाच दिलं हा मुद्दा मांडता येतो. टिकेल की नाही हे त्यांच्या आपसातल्या करारावर आणि आयोगाला काय पटतं त्यावर आहे, मी खात्री देणार नाही.

भाड्याचा हिशोब जुलै 2023 ते या नोव्हेंबरपर्यंत 29 महिने, 3422 रुपये. दर महिन्याचं भाडं म्हणजे दर महिन्याला नवीन कारण असं म्हणता येतं, पण सुरुवातीच्या महिन्यांवर मुदतीचा वाद होईल, होऊ दे, मागा सगळं. मानसिक त्रास आणि खर्चाचं किती मिळेल ते आयोगावर.

तक्रार वडिलांच्या नावानं, त्यांच्याच सहीनं आणि शपथपत्रानं, कारण कनेक्शन त्यांचं आहे. तुम्ही त्यांचं अधिकारपत्र घेऊन तारखांना जा. फी नाही, 5 लाखांपर्यंत शून्य. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ऑनलाईन टाकता येते. करारात कुठंतरी "वाद मुंबईच्या कोर्टात" असं बारीक अक्षरात असेल तर घाबरू नका, तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात जाता येतं, म्हणजे कोल्हापूरच. आणि समोरचा वकील टेलिकॉमचे वाद ग्राहक आयोगात चालत नाहीत म्हणून 2009 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचून दाखवील, त्याला 16 फेब्रुवारी 2022 चा अजयकुमार अगरवाल यांच्या केसमधला सुप्रीम कोर्टाचाच निकाल द्या, त्यात आयोगाचा अधिकार मान्य झालाय, शिवाय 2019 च्या कायद्यात सेवेच्या व्याख्येत टेलिकॉम शब्दच घातलाय.

निकालाला किती दिवस लागतील विचारू नका. कायद्यात लिहिलंय नोटीस मिळाल्यापासून तीन महिने, मी तीन महिन्यांत निकाल लागलेला क्वचित बघितलाय. गेल्या ऑगस्टात आपल्याकडं हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं, त्यासाठी चाळीसेक वर्षं वकील मंडळी रस्त्यावर होती, मीही बसलोय उपोषणाला, आनंद आहेच. पण सामान्य माणसाचे दोन-पाच हजार अडकतात ते खालच्या आयोगात, तिथं तारखा लांबतात याचं कुणाला काही वाटत नाही हे मला फार लागतं. एक चांगलं आहे, कंपनीला लेखी म्हणणं द्यायला 30 दिवस आणि फार तर वर 15, एवढेच मिळतात, 45 दिवसांनंतर आयोगालासुद्धा मुदत वाढवता येत नाही, मार्च 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं हे पक्कं केलंय. तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि उलटला की त्याच तारखेला उभं राहून सांगा.

तोवर ऑटोपे एकदम बंद करू नका, थकबाकी दाखवून लाईन तोडतील. भाड्याची रक्कम हरकत राखून भरतोय असा एक मेल टाका. ते 3500 मात्र भरू नका.

बाकीच्यांसाठी, जे आत्ता स्वतःचं मॉडेम घ्यायच्या विचारात आहेत. अमेरिकेत डिसेंबर 2020 पासून ग्राहकाच्या स्वतःच्या मॉडेमवर कंपनीला भाडं लावता येत नाही, जर्मनीत ऑगस्ट 2016 पासून कुठलं उपकरण लावायचं ते ग्राहक ठरवतो. ते व्हिडिओ बघून इथं हक्क सांगायला जाऊ नका, आपल्याकडं गाडी करारावरच येऊन थांबते. आधी कंपनीकडनं मेलवर घ्या की अमुक मॉडेलचं मॉडेम आम्ही जोडून देऊ आणि अमुक तारखेपासून भाडं बंद. घरात टीव्हीची जाड गोल वायर नसून फायबर आली असेल तर केबल मॉडेम उपयोगाचंच नाही. आणि जुना बॉक्स देताना सिरीयल नंबर लिहून सही घ्या, ॲडॉप्टरसुद्धा त्यात लिहा.

दादा, तुम्ही आज रात्री एवढं करा, जून 2023 चे व्हॉट्सॲप मेसेज उघडा, त्या पोराशी झालेलं सगळं बोलणं वाचा. "येतो", "नेला", "जमा केला", एवढा एक शब्द जरी त्याच्या नंबरवरनं आलेला सापडला तरी अख्खं चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, आणि निकाल लागेपर्यंत तो फोन विकू नका.