कुत्र्याला गाडीतून पुण्याहून कोकणात नेताना काय काळजी घ्यावी? घाटात उलटी करतो.

आमची राणी ताम्हिणीत दर वेळी उलटी करायची. आधी ओठ चाटायला लागायची, मग तोंडातून लाळेची तार, आणि जांभया. ही लक्षणं दिसली की लगेच गाडी बाजूला घ्या, पाच मिनिटं खाली उतरवा, अगदी पट्टा लावूनच.

सगळ्यात फरक पडला तो खाण्याच्या वेळेने. निघण्याआधी तीन-चार तास जेवण बंद, पाणी मात्र थोडं थोडं चालू. पोळीचा तुकडासुद्धा नको. तरीही त्रास झाला तर डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे गोळी लिहून घ्या. आपल्या गोळ्या मनाने देऊ नका.

बसवायचं मागच्या सीटवर, छातीला हार्नेस घालून तो सीटबेल्टला अडकवायचा. गळ्यातल्या पट्ट्याला कधीही नको, जोरात ब्रेक लागला तर मानेला हिसका बसतो. मांडीवर घेऊन गाडी चालवणं तर नाहीच. खाली जुनी गोधडी टाका, घरचा वास असला की ती शांत झोपते. खिडकी बोटभर उघडी ठेवा, डोकं बाहेर काढू देऊ नका; डोळ्यात खडे-कचरा जातो.

दर दोन तासांनी थांबा. आणि कृपा करून, चहाला उतरताना त्याला बंद गाडीत ठेवू नका. बाहेर 30 अंश असलं तरी आत दहाच मिनिटांत 40 च्या आसपास जातं. आम्ही आळीपाळीने चहा पितो, एक जण कायम तिच्याजवळ.

पहिल्यांदाच नेत असाल तर आधी आठवडाभर रोज जवळच चक्कर मारून आणा.