फ्लेक्सच्या मशीनवर सोलर छापता येईल का?

प्रश्न : इचलकरंजीत माझं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे. परवा एक जण मशीन विकायला आला होता, म्हणाला आता सोलर पण प्रिंट होतं, शाई बदलली की झालं, सेकंडहँड मशीन घ्या आणि धंदा सुरू करा. हे खरंय का? पैसे टाकू का?

पैसे टाकू नका. हे आधी सांगतो, कारण सांगायला वेळ लागेल.

त्याचं अर्धं बोलणं खरं आहे, म्हणूनच माणूस फसतो. ऑरगॅनिक सोलर सेल, म्हणजे सिलिकॉनऐवजी कार्बनच्या रेणूंपासून बनवलेले सेल, त्याचं मटेरियल द्रावकात विरघळतं, त्याची शाई होते आणि ती इंकजेटने छापता येते. अमेरिकेत लॉवेलला २००१ मध्ये कोनार्का नावाची कंपनी निघाली होती, नोबेल मिळालेले अ‍ॅलन हीगर तिच्या संस्थापकांपैकी एक, त्यांनी २००८ मध्ये इंकजेटने छापलेले सोलर सेल करूनही दाखवले. आणि २०१२ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. एवढे मोठे लोक असून.

आता तुमच्या मशीनकडे या. तुमच्या हेडवर, म्हणजे शाईचे थेंब सोडणाऱ्या भागावर, बहुतेक ३० पीएल असं काहीतरी लिहिलेलं असेल, ते पिकोलिटर, एका थेंबाचं माप. लॅबमध्ये आम्ही १० पिकोलिटरचं हेड वापरायचो, म्हणजे १ मिलीलिटर शाईत १० कोटी थेंब. हेडचं तत्त्व तेच, पिएझो क्रिस्टलला व्होल्टेज दिलं की तो हलतो आणि थेंब ढकलतो. इथपर्यंत तुमचा नि आमचा धंदा सारखाच, नोझल म्हणजे थेंब पडायचं बारीक भोक चोक होणं, सकाळी आल्याआल्या हेड क्लिनिंग, टेस्ट प्रिंट, सगळं तेच.

फरक पुढे आहे. थेंब पाडणं जमतं हो, तो वाळवणं जमत नाही.

ओट्यावर चहाचा थेंब सांडून वाळला की बघा, मधे फिकट आणि कडेला गडद रेघ. कडेचं पाणी आधी उडतं, ते भरून काढायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि जाताना सगळे कण घेऊन जातं. १९९७ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी याचा नीट खुलासा केला. माझी पहिली शाई एकाच द्रावकाची होती, छापून मायक्रोस्कोपखाली धरली तर प्रत्येक ठिपक्याची बांगडी झालेली, मधे काहीच नाही! त्यावर उपाय म्हणजे दोन द्रावक मिसळायचे, एक लवकर उडणारा आणि एक सावकाश उडणारा, मग कडेला सावकाशवाला उरतो, तिथला पृष्ठताण बदलतो आणि प्रवाह उलटा मधे यायला लागतो. पण कुठले दोन, किती प्रमाणात, खालची काच किती गरम ठेवायची, हे जुळवण्यात माझे आठ महिने गेले, आणि मटेरियल बदललं की पुन्हा पहिल्यापासून.

आता जाडीचं बघा. वाळल्यावर थर १०० नॅनोमीटरच्या आसपास हवा, आपला केस त्याच्या पाच-सातशे पट जाड असतो. फ्लेक्सवर एखादं नोझल बंद पडलं तर बारीक रेघ उमटते, रस्त्यावरून जाणाऱ्याला ती दिसतही नाही, गिऱ्हाईक घेऊन जातं. इथे थरात सुईच्या टोकाहून बारीक भोक राहिलं तरी वरचा इलेक्ट्रोड खालच्याला टेकतो, शॉर्ट होतो आणि तो अख्खा सेल गेला. शिवाय थर एक नाही, चार-पाच असतात एकावर एक. रंगाऱ्याला विचारा, पहिला हात ओला असताना दुसरा मारला तर काय होतं. इथे तर पहिला वाळलेला असला तरी दुसऱ्याचा द्रावक त्याला उठवू शकतो, म्हणून प्रत्येक थराला वेगळ्या जातीचा द्रावक शोधावा लागतो. त्यातले क्लोरोबेंझिनसारखे काही तर तुमच्या हेडचे सील खराब करतील आणि बंद दुकानात ते हुंगणं तब्येतीला घातक आहे, हे कृपा करून मनावर घ्या.

एवढं करून मिळतं काय? पडणाऱ्या उजेडातल्या किती ऊर्जेची वीज होते ते बघा, लॅबमधले नखाएवढे ऑरगॅनिक सेल आता २० टक्क्यांच्या घरात गेलेत, पण ते बहुतेक छापलेले नसतात, आणि मोठ्या आकारात तो आकडा खाली येतो. छतावरचं साधं सिलिकॉन पॅनल २०-२२ टक्के देतं आणि २५ वर्षं टिकतं. त्याच्याशी स्पर्धा करायचीच नाही. इंकजेटची खरी ताकद वेगळी आहे, हवा तो आकार फाइलमधून थेट, प्लेट नाही, मास्क नाही, महागडं मटेरियल पाहिजे तिथेच पडतं. फ्रान्समध्ये व्हॅलान्सची ड्रॅक्युला टेक्नॉलॉजीज हेच करते, घरातल्या, ऑफिसातल्या दिव्याच्या उजेडावर चालणारे छोटे सेल छापते, सेन्सरची बॅटरी वाचवायला. हे मला मनापासून पटतं. तुम्हाला खरंच रस असेल तर आयआयटी कानपूरला नॅशनल सेंटर फॉर फ्लेक्सिबल इलेक्ट्रॉनिक्स आहे, त्यांचं काम आधी बघा, मशीन नंतर.

प्रश्न : मी बीएस्सीला आहे. सोलर सेल आणि ओएलईडी एकच वस्तू उलटी चालवली असं सर म्हणाले. बरोबर आहे का?

बऱ्यापैकी. ओएलईडी म्हणजे वीज दिली की उजेड देणारे ऑरगॅनिक मटेरियलचे थर, टीव्ही-फोनच्या स्क्रीनमध्ये असतात ते. कोडॅकच्या चिंग टँग यांनी १९८६ मध्ये दोन थरांच्या ऑरगॅनिक सोलर सेलचा पेपर छापला, कार्यक्षमता जेमतेम १ टक्का, आणि पुढच्याच वर्षी व्हॅन स्लाइक यांच्यासोबत ओएलईडीचा. माणूस तोच! पण गरज उलटी आहे. ओएलईडीत इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) भेटले पाहिजेत, भेटून उजेड दिला पाहिजे. सोलरमध्ये उजेडाने तयार झालेली जोडी फोडायची असते, आणि ती १० नॅनोमीटरच्या आसपास फिरून संपते, म्हणून इलेक्ट्रॉन देणारं आणि घेणारं मटेरियल एकमेकांत बारीक कालवतात. ते कालवण वाळताना कसं बसतं यावर सगळं अवलंबून, म्हणून सोलरच्या शाईला वाळवणं आणखी जास्त नडतं.

प्रश्न : छापलेला ओएलईडी टीव्ही येणार म्हणतात, थांबू का?

थांबू नका, हवा तो घ्या. जपानची जेओलेड कंपनी २०१५ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकचे विभाग एकत्र करून याच कामासाठी काढली, २०२३ च्या मार्चमध्ये तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. चीनच्या टीसीएलने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये २१.६ इंची पॅनल काढायला सुरुवात केली, तेही हॉस्पिटलच्या मॉनिटरसाठी. इंकजेट मात्र कदाचित तुमच्या खिशात आधीच आहे, लवचिक ओएलईडी स्क्रीन असलेल्या बऱ्याच फोनमध्ये पाण्याची वाफ आत जाऊन काळे ठिपके पडू नयेत म्हणून जे सील असतं, त्यातला मधला थर इंकजेटनेच घालतात.