चिमणीच्या पाइपसाठी कोणता ब्रश घ्यायचा?

ब्रशचा मोठा सेट आत्ता मागवू नका. ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये स्वयंपाकघराच्या चिमणीला बहुधा 6 इंची पाइप असतो, तरी टेपने मोजा. आणि पाइप कशाचा आहे ते बघा, सगळं त्यावरच ठरतं.

पीव्हीसीचा कडक पाइप असेल तर लवचीक दांड्याचा नायलॉन ब्रश, पाइपच्याच मापाचा. ॲल्युमिनियमचा घड्यांचा पाइप असेल तर ब्रश नकोच! त्याचा पत्रा कागदासारखा असतो. तारेचा किंवा ड्रिलवर फिरणारा ब्रश घडीत अडकला की पाइप फाटतो, मग तेल फॉल्स सीलिंगवर टपकत राहतं. आतून चिकट झाला की सरळ नवा टाका.

फिल्टरला महागडा स्प्रे लागत नाही. स्टीलचा बॅफल (वाकवलेल्या पट्ट्यांचा फिल्टर) असेल तर टबात कढत पाणी, दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा, थोडं भांड्यांचं लिक्विड. अर्ध्या तासाने जुन्या टूथब्रशने घासा. हातमोजे घाला. ॲल्युमिनियमच्या जाळीला मात्र सोडा नको, ती काळी पडते. कॉस्टिक सोडा तर मुळीच नाही.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- प्लग न काढता हात घालणं.
- मोटरवर थेट स्प्रे मारणं. फडक्यावर मारून पुसा.
- पाइपचं बाहेरचं तोंड विसरणं. तिथली झडप तेलाने चिकटते किंवा कबुतरं काड्या भरतात, आणि आपण आत फिल्टर घासत बसतो. पण खिडकीतून वाकून साफ करू नका, माणूस बोलवा.