छेद कुठाय?

प्रश्न : बाई, मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे यंदापासून नेहमीच्या अभ्यासक्रमाच्या जोडीला ऐच्छिक रिसर्च ट्रॅक सुरू झाला आहे. दोन वर्षांचा आहे, मार्क नाहीत, शेवटी अहवाल आणि प्रमाणपत्र. प्रयोगशाळा, रुग्णालय, सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण असे चार विभाग आहेत. मैत्रिणी म्हणतात पीजीला उपयोग होतो. सीनियर म्हणतात नसती भानगड, वॉर्डात वेळ घाल. मला कॅन्सरवर काम करायचं आहे, पण त्या विषयाचे गाईड फार मोठे आहेत. दोनदा गेले, भेटत नाहीत. अर्जाला पंधरा दिवस उरलेत. भरू का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : तुला ‘तू’ म्हणते. विद्यार्थ्यांना अहो-जाहो करायची सवय या वयात लागायची नाही.

अर्ज भर. कॅन्सरचा मात्र भरू नकोस. ‘भेटत नाहीत’ असं तूच लिहिलं आहेस. अर्जाआधी जो भेटत नाही, तो अर्जानंतर जास्त भेटेल असं माझ्या तरी पाहण्यात नाही.

दुसऱ्या वर्षाला निवडलेला विषय जन्माला चिकटत नाही, ही गोष्ट मुलांना पटवताना माझा घसा बसतो. कॅन्सर असो, कानाचा पडदा असो, शिकायचं ते सारखंच. प्रश्न लहान कसा करायचा. काय मोजायचं आणि काय मोजायचं नाही. तुझी वही दुसऱ्याच्या हातात पडली तर त्याला समजेल अशी कशी ठेवायची. आणि चुकलेलं चारचौघांत कसं सांगायचं. हे शेजारी बसणाऱ्या माणसाकडून शिकायला मिळतं. तेव्हा विषय निवडू नकोस, माणूस निवड.

आमच्या वेळी ट्रॅक-बिक काही नव्हतं. एक सर होते. मला दाखवायचं होतं की ओपीडीत आल्या आल्या घेतलेलं बीपी आणि दोन तास ताटकळल्यावर घेतलेलं बीपी यांत फरक असतो. कल्पना वाईट नव्हती. जुने केसपेपर काढून आकडे वहीत उतरवायला लागले. चार महिने उतरवले. एका दुपारी सरांनी वही मागितली, पहिलं पान उघडलं आणि एक शब्द न बोलता पेन्सिलीने आकड्यांना गोल करत गेले. पानावर वीस आकडे होते. गोल सतरा झाले. १२०, १३०, १४०, १३०, १५०. सगळ्यांच्या शेवटी शून्य.

पाऱ्याच्या यंत्रावर रेघा दोन-दोन मिलिमीटरच्या असतात. नीट वाचलं तर शेवटी ०, २, ४, ६, ८ यांतलं काहीही येईल. म्हणजे शून्य साधारण पाचात एकदा, विसात चारदा. माझ्याकडे सतरा वेळा! घाईत मोजणाऱ्याने जवळचं शून्य गाठून टाकलं होतं. मी चार-पाच मिलिमीटरचा फरक शोधत होते आणि मोजपट्टी होती दहा-दहाची. चार महिने पाण्यात. मी तिथेच रडले. सर म्हणाले, “झालं रडून? मग आता तुझा प्रश्न काय आहे ते सांग.”

नवा प्रश्न असा झाला : शून्यं कधी वाढतात? गर्दीच्या वारी वाढत होती. ते काम कुठेही छापून आलं नाही, विभागातल्या बैठकीत दहा मिनिटं बोलले इतकंच. पण १४० हा आकडा औषध सुरू करायचं की नाही याच्या उंबरठ्यावरचा. केसपेपरवर तो दिसला की आजही मी स्वतः पुन्हा मोजते. तुझे सीनियर म्हणतात ना, वॉर्डात वेळ घाल? मला वॉर्डात कसं बघायचं ते त्या वाया गेलेल्या वहीने शिकवलं.

आता एक जुनी गोष्ट. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन नावाचा मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी होता, म्हणजे तुझ्याच वर्गातला म्हण. गाईड विल्यम हॉवेल. काम होतं रक्त गोठवणाऱ्या पदार्थाचं. अर्क काढता काढता यकृतातून जे हाती आलं ते रक्त गोठवायच्या ऐवजी गोठूच देईना. हॉवेलचा विश्वास बसला नाही. मॅक्लीनने पुढे स्वतःच लिहून ठेवलंय : त्याने मांजराच्या ताज्या रक्तात तो अर्क ढवळला, काचपात्र हॉवेलच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, हे गोठलं की मला सांगा. ते गोठलंच नाही. १९१६ साली ते काम छापून आलं आणि हेपॅरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची, कहाणी तिथून सुरू झाली. श्रेय नेमकं कुणाचं यावर पुढे बरीच रस्सीखेच झाली, ती सोडून दे. मला त्यातलं टेबल महत्त्वाचं वाटतं. गाईडच्या अंदाजाच्या विरुद्ध गेलेली वस्तू विद्यार्थी त्याच्या टेबलावर नेऊन ठेवू शकला. असं टेबल शोध.

ते शोधायचं कसं? मागच्या दोन-तीन वर्षांत त्या गाईडकडे काम केलेली मुलं गाठ. कामं पूर्ण किती झाली आणि अर्धवट किती राहिली ते विचार. निकाल ‘काहीच फरक सापडला नाही’ असा आला तेव्हा गाईड काय म्हणाले, हे तर विचारच, त्या एका उत्तरावरून माणूस कळतो. माणसांवरचं संशोधन तपासून परवानगी देणारी एथिक्स कमिटी असते, तिची परवानगी आहे का, की अजून अर्जही गेलेला नाही? याकडे मुलं दुर्लक्ष करतात आणि मग सहा-सहा महिने हात बांधून बसतात. परवानगी नंतर बघू, डेटा आत्ता गोळा कर, असं कुणी म्हणालं तर तिथून उठ. पेशंटला आपण कशात सामील आहोत हे माहीत असायला हवं, माणसांवरच्या संशोधनाची नीतितत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकीच्या जाहीरनाम्याला १९६४ पासून इतकी वर्षं झाली.

प्रश्न लहान कर असं म्हटलं, त्याचा नमुना देते. एक मुलगी माझ्याकडे आली ती ‘मधुमेहींच्या पायाच्या जखमा का चिघळतात’ हे घेऊन. म्हटलं, बाई गं, यावर माणसांनी आयुष्यं घातलीत, तुझ्याकडे आठवड्याची एक दुपार आहे. कातरत कातरत प्रश्न इथवर आणला : मधुमेहाच्या ओपीडीत डॉक्टर पेशंटच्या चपला-मोजे काढायला लावून पाय बघतात का? ती खूश. कोपऱ्यात स्टूल टाकून बसली. तीन आठवड्यांनी आली, “बाई, बेचाळीस जणांचे पाय बघितले गेले.” मी विचारलं, कितींपैकी? गप्प. बघितले त्यांच्यासमोर तिने रेघ मारली होती, न बघितलेल्यांची नोंदच नव्हती. अंश होता, छेद नव्हता. बेचाळीस हे पन्नासातले असतील तर ओपीडीचं कौतुक करा, पाचशेतले असतील तर तोंड लपवा. पुन्हा पहिल्यापासून बसली. नंतर ती वॉर्डातल्या प्रत्येकाला ‘छेद कुठाय?’ विचारून इतकी पिडायची की मुलांनी तिचं नावच छेदाबाई पाडलं.

परीक्षेची भीती म्हणशील तर ती खरी आहे, आणि दोन दगडांवर पाय ठेवून पडलेली मुलं मी पाहिली आहेत. ‘वेळ मिळेल तसं करेन’ म्हणू नकोस, मिळत नाही. आठवड्याची एक दुपार ठरवून टाक आणि ती सोडून इतर दिवशी त्या वहीला हात लावू नकोस. परीक्षेचा महिना पूर्ण सुट्टी, हे गाईडला पहिल्याच भेटीत सांग. ऐकून कपाळाला आठी पडली तर तेही एक उत्तरच आहे.

शेवटी निष्कर्ष निघाला नाही तर? न निघू दे. पाउल लांगरहान्सने १८६९ साली बर्लिनमध्ये प्रबंध लिहिला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. स्वादुपिंडात त्याला पेशींचे लहान लहान पुंजके दिसले, ते त्याने नीट वर्णन केले आणि यांचं काम काय ते मला सांगता येत नाही, असं सरळ लिहून मोकळा झाला. त्या पुंजक्यांना त्याचं नाव मिळालं १८९३ मध्ये. तो जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. त्या पुंजक्यांत तयार होणारं इन्सुलिन हाती यायला १९२१ उजाडलं.

प्रश्न : मला गणित येत नाही, म्हणून तर बायॉलॉजी घेतलं. संख्याशास्त्राशिवाय संशोधन करता येतं का?

उत्तर : येतं. माणसांच्या मुलाखती घेऊन करायचं गुणात्मक संशोधन असतं, वैद्यकाच्या इतिहासावर काम करता येतं. पण गणिताला भिऊन तिकडे पळू नका, तिथली शिस्त वेगळी आणि तितकीच कडक. तुमच्या पातळीवर टक्केवारी, सरासरी आणि ‘हा फरक योगायोगाने पडला असेल का’ एवढी समज पुरते. बाकीचं सांख्यिकी विभागातला माणूस करेल, फक्त त्याच्याकडे डेटा गोळा करायच्या आधी जा. किती पेशंट लागतील हे तो तेव्हाच सांगू शकतो. रोनाल्ड फिशर या मोठ्या संख्याशास्त्रज्ञाने १९३८ च्या भारतीय सांख्यिकी परिषदेत म्हटलं होतं की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे बहुधा त्याला शवविच्छेदन करायला सांगणं, प्रयोग कशाने मेला एवढंच तो सांगेल. आपल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको.

प्रश्न : एक सीनियर म्हणतात, दोनशे केसपेपर एक्सेलमध्ये भरून दे, पेपरवर तुझं नाव टाकतो. टाकू देऊ का?

उत्तर : एवढ्यावर नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिचे लेखकपणाचे चार निकष आहेत : कल्पना, डेटा किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा कसून तपासण्यात भाग, छापायच्या आवृत्तीला तुमची मान्यता, आणि पुढे कुणी शंका काढली तर उत्तर द्यायची जबाबदारी. चारही लागतात. नुसतं भरून दिलंत तर तुमची जागा शेवटी, आभारांत.

पण नाही म्हणून उठून येऊ नका, सौदा बदला. विश्लेषणाला बसू द्या आणि पद्धतीचा परिच्छेद मी लिहितो, असं सांगा. तो कसाही लिहाल, लाल शाईने भरून परत येईल, पुन्हा लिहाल, त्यात शिकाल. आणि हे काम सुरू करतानाच बोलून घ्या, शेवटी बोललं की मनं फाटतात. इन्सुलिनच्या शोधाचं १९२३ चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउड या संशोधकांना मिळालं. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत बँटिंगच्या बरोबरीने राबलेला चार्ल्स बेस्ट, वय बावीस, यादीत नव्हता. बँटिंगने आपल्या वाट्याची अर्धी रक्कम त्याला दिली. तुमचे सीनियर बँटिंग निघतील या भरवशावर राहू नका.

आणखी एक. ‘आठ दिवसांत छापतो, एवढे पैसे भरा’ अशी ईमेल येतील. त्या जर्नलमधले चार लेख उघडून वाचा. तपासणाऱ्याने एकही प्रश्न न विचारता छापलेलं काम वाचताना कळतं.

प्रश्न : मुलगी डॉक्टरकीच्या मधेच एक वर्ष थांबून संशोधनाची जादा पदवी घ्यायचं म्हणते. तिच्या वर्गातली मुलं पुढे जातील. वर्ष वाया जाणार नाही ना?
– एक वडील

उत्तर : वर्गातली मुलं पुढे जातील, हे खरं आहे, ते गोड करून सांगत नाही. ब्रिटनमध्ये पुष्कळ विद्यार्थी मधे असं एक वर्ष घेतात आणि परत येऊन उरलेला अभ्यासक्रम पुरा करतात. येल विद्यापीठात तर १८३९ पासून डॉक्टर व्हायचं तर प्रबंध लिहावाच लागतो. तेव्हा ही काही नवी टूम नाही. परत आल्यावर पहिले दोन-तीन महिने तिचा हात वॉर्डात अडखळेल, पेशंट तपासायची सवय मोडलेली असते. त्या वर्षात आठवड्याला एक ओपीडी तिने चालू ठेवली तर तेही टळेल.

तुमच्या पत्रात वर्षाचा हिशेब आहे, वर्गमित्रांचा आहे, लग्नाचाही आहे (तो मी वर छापला नाही). ती कशावर काम करणार आहे, ते मात्र कुठेच नाही. तिला विचारलंत का?