पोर्टुम्ना : किल्ला की राहता वाडा?

प्रश्न : आयर्लंडमधील गॉलवे काउंटीतला पोर्टुम्ना किल्ला नुकताच पाहिला. आपले गड पाहण्याची सवय असल्यामुळे मोठमोठ्या खिडक्यांची ती देखणी इमारत किल्ला वाटलीच नाही. तिला किल्ला का म्हणतात आणि ती आतून इतकी रिकामी कशी झाली? युद्धात पडली का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : शॅनन नदी डर्ग सरोवराला मिळते तेथे उभी असलेली ही वास्तू लष्करी ठाणे म्हणून बांधलेलीच नव्हती. रिचर्ड बर्क या क्लॅनरिकार्डच्या चौथ्या अर्लने (अर्ल ही ब्रिटिश सरदारांची एक पदवी) 1618 पूर्वी ती राहण्यासाठी बांधली. आपल्याकडच्या गढीशी तिचे नाते अधिक जवळचे आहे. हा अर्ल कॅथलिक असूनही 1601 मध्ये किन्सेलच्या लढाईत आयरिश सरदार आणि स्पॅनिश फौजेविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने लढला होता. त्याची पत्नी फ्रान्सिस ही एलिझाबेथ राणीचा मंत्री वॉल्सिंगहॅम याची मुलगी. इंग्लंडच्या दरबारी वर्तुळात वावरलेल्या या दांपत्याच्या अभिरुचीमुळेच आयर्लंडमध्ये तोवर फारशी न रुळलेली रेनेसाँ म्हणजे युरोपीय प्रबोधनकाळातील शैली पोर्टुम्नाच्या दर्शनी दारावर, छतालगतच्या वक्राकार भिंतींवर आणि खिडक्यांच्या प्रमाणबद्ध मांडणीत उतरली.

तरीही भीती पुरती ओसरली नव्हती, हे इमारत नीट पाहिल्यास कळते. चारही कोपऱ्यांवर चौकोनी मनोरे पुढे काढले आहेत आणि भिंतीलगत आलेल्या शत्रूवर बाजूने मारा करता यावा म्हणून त्यांत बंदुकीच्या जंग्या ठेवल्या आहेत. दारावरही, खाली उभ्या असलेल्यांवर वरून मारा करण्याची सोय आहे. मधून गेलेल्या लांब मार्गिकेच्या दोन्ही बाजूंच्या जाड दगडी भिंतींत शेकोट्या बसवल्या आहेत. माझ्या मते या वास्तूचे खरे मोल ऐसपैस खिडकी आणि अरुंद जंगी एकाच भिंतीत नांदतात यातच आहे.

बंदुकीपेक्षा कायद्याचा हल्ला मात्र अधिक गंभीर ठरला. कॉनॉट प्रांतातील जमिनीवर राजाचा हक्क सिद्ध करून तेथे वसाहत करण्यासाठी राजप्रतिनिधी वेंटवर्थ याने 1635 मध्ये याच किल्ल्यात चौकशी भरवली. गॉलवेच्या पंचांनी राजाच्या बाजूने निर्णय देण्यास नकार दिला, म्हणून त्यांना दंड आणि कैद भोगावी लागली. बहुतांश काळ इंग्लंडमध्ये राहणारा अर्ल त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वारला.

आजची अवस्था युद्धाने नव्हे, तर 1826 मधील अपघाती आगीने झाली. छत आणि मजले जळाले, दगडी भिंती तेवढ्या उरल्या. पुढे 1860 च्या दशकात कुटुंबाने उद्यानात नवा वाडा बांधला. तोही 1922 मध्ये यादवी युद्धाच्या काळात जाळला गेला.

या दोन आगींच्या मधला काळ मला विसरता येत नाही. 1874 पासूनचे मालक, क्लॅनरिकार्डचे दुसरे मार्क्विस (अर्लहून वरची पदवी) ह्युबर्ट, हे भारताचे व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांचे भाचे. मामांच्या मृत्यूनंतर 1862 मध्ये त्यांना कॅनिंग यांची मालमत्ता मिळाली आणि त्यांनी ते आडनावही घेतले. लंडनमध्ये राहून ते खंड वसूल करीत आणि पिकांचे भाव कोसळल्यावरही सूट देत नसत. 1886 मध्ये शेजारच्या वुडफर्ड परिसरातील कुळांना घराबाहेर काढण्यात आले. त्याच वर्षी याच जमीनदारीत कुळांनी एकजुटीने रास्त खंड देऊ करायचा आणि तो नाकारल्यास ती रक्कम सामायिक निधीत ठेवायची, अशी चळवळ सुरू झाली. किल्ल्याच्या सौंदर्याचे वर्णन करताना ही माणसे वगळणे अन्यायाचे होईल, कारण वाडे आणि उद्याने त्यांच्याच खंडावर उभी होती.

आयर्लंडच्या सार्वजनिक बांधकाम कार्यालयाने 1968 पासून येथे जतनाचे काम हाती घेतले. भिंती व धुराडी सावरून पुन्हा छप्पर घातले. तळमजला प्रेक्षकांसाठी खुला करण्यात आला आणि समोरची भौमितिक आखणीची बागही नव्याने उभारली गेली. जळून गेलेली दालने कल्पनेने सजवण्याऐवजी उघडे दगडकाम तसेच दिसू दिले, हा निर्णय मला योग्य वाटतो. त्यामुळे शेकोट्यांच्या जागा आणि तुळया बसवण्याच्या खाचा पाहून कोणता मजला कुठे होता हे आपले आपल्याला ताडता येते.